पोटात दोघांची साखर

मी एक बाटली आहे, आणि भरलेली आहे. तेव्हा जरा लांब बसूनच ऐका. मला हलवू नका, उन्हात ठेवू नका आणि मी आहे त्या टेबलावर मूठ आपटू नका. घाबरवत नाही, खरं तेच सांगतेय. माझ्या पोटात जे आहे, त्यानेच माझ्या कितीतरी बहिणींचा चक्काचूर केलाय.

रंगाने मी तपकिरी, लिटरभराची, अंगाने जाड. एकदा पिऊन फेकून द्यायच्या पातळ बाटल्या हल्ली निघाल्यात ना, त्यातली मी नव्हे. मी परत जाणारी बाटली. आमच्या अर्जेंटिनात रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही. दुकानदार आधी तुमच्या हाताकडे बघतो, मग तोंडाकडे. म्हणून घरोघरी रिकाम्या बाटल्या सोन्यासारख्या जपतात.

माझा जन्म आगीतला. वाळू, सोडा आणि फुटक्या बाटल्यांचे तुकडे एका भट्टीत घालून वितळवले, आणि त्या लाल रसाचा एक गोळा लोखंडी कात्रीने कचकन कापला, तो मी. साच्यात पडले, पोटात हवा घुसली, आणि मला आकार आला. बाळाला जन्मल्यावर फटका मारून रडवतात म्हणे. मला जन्मतानाच इतकं भाजलं होतं की रडायलाही उसंत मिळाली नाही.

पुढे बीअरच्या कारखान्यात आले. तिथे लाड नाहीत. उकळत्या सोड्यात आंघोळ, मग पट्ट्यावरून रांगेने धावायचं, पुढचीच्या पाठीवर आपटायचं, मागचीचा धक्का खायचा. जी तडकली ती तिथेच बाद. माझ्या खांद्यावर आणि पोटावर हे जे पांढरे पट्टे दिसतात ना, ते त्या घासाघाशीचे वळ आहेत. बाटलीचं वय विचारू नये, तिचे वळ बघावेत.

मग दारूचे गुत्ते बघितले. दक्षिणेत लाकूड कापणाऱ्या मजुरांचा एक गुत्ता होता, तिथे मी बरेच दिवस काढले. माणसाची एक खोड मला तिथे कळली. तो एकटा असला की आमच्या अंगावरचा कागद नखाने खरवडत बसतो, आणि चौघांत असला की कधी ना कधी आमच्या गळ्याला हात घालतो. माझ्या शेजारी बसलेली एक बाटली अशीच एकाने उचलली, फळीच्या कडेवर आपटून तिचा तळ उडवला आणि समोरच्याच्या गालावर ओढली. कशावरून? पत्त्यांवरून. गाल फाटलेला माणूस रुमाल दाबून दुसऱ्या दिवशी परत आला आणि त्याच फळीवर बसून त्याच माणसाबरोबर खेळला. माणसांचं असं असतं. काचेचं तसं नाही. ती एकदा फुटली की फुटली.

तिथून फिरत फिरत मी डोंगराच्या कुशीतल्या या खोऱ्यात आले. इथे हॉप्स पिकतात. उंच तारांवर वेल चढतात, त्यांना हिरवी बोंडं येतात, आणि ती चुरगाळली की हाताला कडू वास येतो. तीच बीअरमध्ये पडतात. खोऱ्यातल्या अब्दालाच्या दुकानातून मला म्हातारा एरास्मो कार्कामो घेऊन गेला, आणि गेला तो गेलाच. मला त्याने परत केलंच नाही.

एरास्मो स्वतःच्या मळ्यातले हॉप्स घालून घरी बीअर करायचा, आणि त्याला हव्या असायच्या जाड बाटल्या. अब्दालाला तो तोंड तडकलेल्या, टवके उडालेल्या बाटल्या आणून टिकवायचा आणि चांगल्या घरात दाबून ठेवायचा. अब्दाला काही आंधळा नव्हता.

"एरास्मो, मी तुला धडधाकट बाटल्या देतो आणि तू मला लंगड्यापांगळ्या आणून देतोस. मी काय दवाखाना उघडलाय?"

"म्हातारपणी तू तरी कुठे धडधाकट राहिलायस? ठेव की."

असं चालायचं. पण म्हाताऱ्याचा हात मायेचा. आम्हाला गरम पाण्यात बुडवून अंगावरचे कागद सोडवायचा, तारेच्या ब्रशने आतून घासायचा, एकेकीला उजेडात धरून एक डोळा मिटून बघायचा. मग प्रत्येकीत नरसाळ्याने एक चमचा साखर, वर बीअर, आणि वर पत्र्याचं बूच ठोकायचं. ही साखर आतलं खमीर खातं आणि त्याचा वायू होतो. फेस येतो तो त्याचाच. एक चमचा घातला तर आनंद, दोन घातले तर गोळाबारूद. हे खोऱ्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

म्हाताऱ्याला दोन मुलं. थोरला डेल्फोर, धाकटा अन्सेल्मो. डेल्फोरची बायको लवकर गेली, एक मुलगी मागे ठेवून, नोएमी. अन्सेल्मोने लग्नच केलं नाही.

म्हातारा वारला त्या दिवशीचं सांगते. पेटी स्वयंपाकघरात, दोन बाकांवर. लोक येऊन जाऊन, टेबलावर मांस, पाव, आणि आम्ही. सगळे जेवत असताना अन्सेल्मोने सांगितलं, की आपल्या वाट्याचा मळा त्याने विकलाय. शहरातल्या कुणा माणसाला. तो तिथे पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधणार.

"कधी विकलास?" डेल्फोरने विचारलं.

"झाले काही दिवस."

"बाबा जिवंत असताना?"

"मग काय त्यांच्या पेटीवर बसून सही करू?"

डेल्फोरने माझ्या शेजारणीला गळ्याशी धरलं आणि धाकट्याच्या डोक्यात घातलं. बाटली फुटली नाही, कपाळ फुटलं. सांगितलं ना, आम्ही जाड. अन्सेल्मो खाली पडला तो मांस कापायची सुरी घेऊनच उठला, आणि थोरल्याचा हात त्याने टेबलाला खिळवला. अक्षरशः खिळवला, सुरी लाकडात रुतली होती. त्या झटापटीत पेटीला धक्का बसून बाप बाकावरून घसरायला आला. कुणी मध्ये पडेना. शेवटी परकर-पोलक्याच्या वयाची नोएमी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि किंचाळत राहिली, तेव्हा ते थांबले.

त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नाही. अंगण एक, त्यात मधोमध काटेरी तार. एका बाजूला थोरल्याचं घर, दुसऱ्या बाजूला धाकट्याचं. डेल्फोरच्या हाताची दोन बोटं मिटेनाशी झाली. अन्सेल्मोच्या कपाळावर भुवईपासून कानापर्यंत व्रण राहिला. दोघांकडे बंदुका. तारेच्या बरोबर मधे बापाची पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये आम्ही, धूळ खात. ती शेड कुणाची यावर एकमत होईना, म्हणून तिला दोघांच्या बाजूंनी एकेक दार पडलं होतं.

बोलायचे नाहीत म्हणजे तोंडाने बोलायचे नाहीत. निरोप चालायचे. आधी नोएमीच्या तोंडून. काका हातभर अंतरावर उभा असला तरी बाप म्हणायचा, "नोएमी, तुझ्या काकाला सांग, त्याचं डुक्कर माझ्या बटाट्यात शिरलंय." आणि काका म्हणायचा, "नोएमी, तुझ्या बाबाला सांग, डुकराला तार दिसत नाही, तारेला भोकं कुणी ठेवलीत ते बघ." मधे उभी पोरगी आभाळाकडे बघायची.

नोएमी घरात नसली की निरोप सुलतानकडे. सुलतान म्हणजे कुत्रा. दोन्ही घरी जेवायचा, त्यामुळे कुणाचाच नव्हता. "सुलतान, त्याला सांग, उद्या पाण्याची पाळी माझी आहे." मोठ्याने म्हणायचं, म्हणजे ज्याने ऐकायचं तो ऐकेल. सुलतान शेपूट हलवायचा. एवढे मोठे बाप्ये, आणि कुत्र्याला मधे घालून संसार करत होते. मला हसूही यायचं आणि संतापही यायचा.

मग नोएमीचं लग्न ठरलं. मुलगा एल्व्हियो, नदीपलीकडचा, मोटारी दुरुस्त करणारा. पोरगी एके दिवशी तारेपाशी आली, दोघांना हाक मारली आणि म्हणाली, "ऐका. एकदाच सांगते. माझ्या लग्नात तुम्ही दोघं एका टेबलावर बसणार. बसणार नसाल तर मी एल्व्हियोबरोबर निघून जाते, आणि मला पोरं होतील त्यांना सांगीन की माझ्याकडचं कुणी उरलं नाही."

मग तिने शेडकडे बोट केलं.

"आणि बीअर तुम्ही करायची. घरच्या लग्नाला आजोबा करायचे ना, तशी. दोघांनी मिळून. हॉप्स बाबांचे, हंडा काकांचा. लग्नात मी दुकानची बीअर ठेवणार नाही."

"नोएमी, तुझ्या काकाला सांग, मी तयार आहे," डेल्फोर म्हणाला.

"काका, ऐकलंत?"

"बहिरा नाहीये मी. त्याला सांग, हंडा घासून ठेवतो."

पोरगी तारेवरच्या खांबाला धरून रडली. मला वाटतं, त्या दिवशी तिने पहिल्यांदा आपल्या लग्नाचं सुख मानलं.

उन्हाळा होता. शेडची दोन्ही दारं उघडली. हंडा चढला, बार्ली शिजली, हॉप्स पडले, सगळं अंगण कडू-गोड वासाने भरून गेलं. दोघं भाऊ एका हंड्याभोवती, एकमेकांच्या अंगाला अंग न लावता, आगीत लाकडं सारत फिरत होते. एकाने झारा ठेवला की दुसरा तो मुकाट उचलायचा. काम बापाने शिकवलेलं, त्यामुळे बोलायची गरजही फारशी पडत नव्हती. बीअर पिंपात भरली, आठवडाभर ती आपली बुडबुडत राहिली आणि मग शांत झाली. आता बाटल्या भरायच्या.

आम्ही जाड बाटल्या पुरणार नव्हत्या. एल्व्हियो बिचारा कामाला लागला. अन्सेल्मोने विकलेल्या मळ्यावर ज्या पाहुण्यांच्या खोल्या उठल्या होत्या, तिथल्या कचऱ्यातून त्याने पोतीच्या पोती बाटल्या आणल्या. पातळ, लांब मानेच्या, एकदा पिऊन टाकायच्या. अन्सेल्मोने एक हातात घेऊन टिचकी मारली.

"ह्या कवडीच्या आहेत रे."

"काका, वाईट दिसतात का? स्वच्छ धुतल्यात."

"दिसतायत छान. एक चमचा सोसतील. सोसाव्या लागतील."

साखरेवरून या दोन भावांचे पंथ वेगळे. अन्सेल्मो बापाच्या वाटेने जाणारा, बाटलीगणिक चमचा. डेल्फोर कुणाकडून तरी नवी रीत शिकून आला होता. साखरेचा पाक उकळायचा आणि सगळा एकदम पिंपात घालायचा, म्हणजे सगळ्यांना सारखी साखर मिळते. रीत दोन्ही चांगल्या. पण दोन्ही एकदम नाही.

भरायच्या दिवशी नोएमी लग्नाचा झगा घालून बघायला गावात गेली होती. डेल्फोरने सकाळीच पाक करून पिंपात ओतला आणि ढवळला. अन्सेल्मो तेव्हा बाहेर आम्हाला धूत होता, पाण्याचा पंप धडधडत होता. डेल्फोर दारात आला. पाठ करून वाकलेला धाकटा त्याला दिसला. दहा पावलं चालून खांद्यावर हात ठेवला असता तर काम झालं असतं.

"सुलतान," तो म्हणाला, "त्याला सांग, साखर घातलीय."

आणि मांडवाचे वासे आणायला निघून गेला.

पंपाच्या आवाजात अन्सेल्मोला काही ऐकू गेलं नाही. सुलतानने शेपूट हलवली. मी धुऊन दाराशी वाळत होते, मी ऐकलं, पण मला कुठे तोंड? तोंड आहे, जीभ नाही.

अन्सेल्मोने आम्हाला आत नेलं, पिंपातून एक घोट घेऊन बघितला आणि तोंड वाकडं केलं. "गोडमिट्ट केलीय तुझ्या मालकाने," तो कुत्र्याला म्हणाला. "धान्य नीट शिजवलं नाही, दुसरं काय." म्हणजे बघा, जिभेवर पुरावा होता. पण भाऊ चुकला असं वाटण्यात जे सुख असतं ना, त्यापुढे जीभ काय सांगते ते माणूस ऐकत नाही. साखरेचा डबा जागच्या जागी भरलेला होता, कारण डेल्फोरने स्वतःच्या घरातली वापरली होती. अन्सेल्मोने चमचा घेतला, नरसाळं घेतलं, आणि सगळ्या बाटल्यांत, एकेका बाटलीत, बापाच्या हाताने घालावी तशी मायेने साखर घातली. पातळ बाटल्यांतसुद्धा.

बुचं ठोकली. क्रेट रचले. दारं बंद झाली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पत्रा दिवसभर तापायचा. आतला वायू मला आतून ढकलायचा. मी आगीतून आलेली, सोड्यात उकळलेली, पण असला दाब कधी अनुभवला नव्हता. आजूबाजूला पातळ बाटल्यांतून बारीक आवाज यायला लागला होता. मी म्हणत होते, कुणीतरी या, एक बूच उघडून बघा. पण लग्नाआधी चाखायची नाही असं नोएमीने बजावलं होतं, आणि दोघं तिचा शब्द मोडायला तयार नव्हते.

त्यातच त्या आठवड्यात पुन्हा ठिणगी पडली. मांडवाचा एक खांब तारेच्या पलीकडे रोवला गेला. अन्सेल्मोने तो उपटला. डेल्फोरने नोएमीकरवी निरोप पाठवला, पुन्हा हात लावलास तर गोळी घालीन. तिकडून उत्तर आलं, बंदूक माझ्याकडेही आहे. नोएमीने दोन्ही निरोप पोचवले आणि स्वतःच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी, दुपारी, सगळं खोरं जेवून आडवं झालं असताना, पहिली बाटली फुटली.

तो आवाज बंदुकीसारखाच असतो. दुसरी फुटली, तिसरी फुटली. डेल्फोर अंथरुणातून उठला तो बंदूक घेऊनच. त्याला वाटलं, धाकट्याने गोळी झाडली. तिकडे अन्सेल्मोला वाटलं, थोरल्याने झाडली. डेल्फोर लाकडाच्या ढिगामागे लपला, अन्सेल्मो पाण्याच्या टाकीमागे. मधे आमची शेड. आत आम्ही फुटतोय, आणि बाहेर दोघं एकमेकांवर नेम धरतायत. डेल्फोरने एक बार काढला. छर्रे पत्र्यातून आत आले आणि माझ्या वरच्या क्रेटमधल्या दोघी गेल्या. अन्सेल्मोने उलट बार काढला, तो लाकडाच्या ढिगावरून झाडात गेला. गावातल्या कुणालाही विचारा, त्या दुपारी कार्कामोंच्या घरी लढाई झाली असंच सांगतील.

काच उडत होती. एक फुटली की तिचे तुकडे दुसरीला लागायचे, ती तिसरीला घेऊन जायची. मी खालच्या क्रेटच्या कोपऱ्यात होते म्हणून वाचले. अंगाखालून बीअर वाहत होती. ती दाराच्या फटीतून फेसाळत बाहेर गेली आणि अन्सेल्मोच्या पायापाशी पोचली. त्याने खाली बघितलं. वास घेतला. मग त्याने बंदूक टाकून दिली.

तेवढ्यात नोएमी धावत आली. पायात काही नाही, केस सुटलेले. "बीअर फुटतेय, कुणी गोळी झाडू नका," ओरडत ती शेडच्या दाराला झोंबली. अन्सेल्मोने तिला केसांना धरून मागे खेचलं आणि मातीत ढकललं. चांगली लागेल अशी ढकलली. आणि टाकीजवळची ओली गोणपाटं उचलून स्वतः आत शिरला.

लाकडामागून डेल्फोरला तो आत शिरताना दिसत होता. उघड्यावर, पाठ त्याच्याकडे. डेल्फोरची बंदूक खांद्याला होती. मला फटीतून तिची नळी दिसत होती. ती हळूहळू खाली गेली.

आत अन्सेल्मोने क्रेटवर गोणपाटं टाकली. ज्या उरल्या होत्या त्यांतली एकेक तो उचलत होता, गोणपाटात गुंडाळत होता आणि ओपनरने बूच जरासं सैल करून वायू सोडत होता.  लग्नापुरती तरी वाचवायची होती त्याला. चार-पाच सुटल्या. मग त्याने मला उचललं, गुंडाळलं, बगलेत धरलं. ओपनर माझ्या बुचाला लावला, आणि त्याच्या गुडघ्याशी असलेली एक पातळ बाटली फुटली.

तुकडा मांडीत आतल्या बाजूने गेला. रक्त ठिबकलं नाही, उसळलं. तो बसला, मग आडवा झाला. मला त्याने सोडलं नाही.

डेल्फोर रांगत आला. वर अजून बाटल्या फुटत होत्या, त्याची पाठ चिरली जात होती, पण तो थांबला नाही. त्याने भावाला काखेत हात घालून बाहेर ओढलं, सदरा काढून मांडीवर बांधला आणि ज्या हाताची बोटं मिटत नव्हती त्याच हाताचा तळवा जखमेवर दाबून धरला. नोएमीने पिकअप आणली. दोघा भावांना मागच्या हौद्यात घेतलं. डेल्फोरने मला काढून टाकायला बघितलं, पण बगल घट्ट. "राहू दे, चला," तो म्हणाला, आणि मी पण निघाले.

रस्ता खडीचा. गाडी उडत होती, मी दोघांच्या मधे, तापलेली, हिंदकळलेली, पोट फुटायला आलेलं. मी फुटले असते तर दोघेही गेले असते. मी दम धरला. आयुष्यात मी एवढं एकच काम केलं, आणि ते कुणाला माहीत नाही.

मग डेल्फोर बोलला. नोएमीला नाही, कुत्र्याला नाही.

"साखर घातलीस का रे?"

अन्सेल्मोने डोळे उघडले. "घातली. चमचा चमचा. बाबांसारखी."

"मीपण घातली होती. सकाळीच. पाक करून."



"मग सांगायचं ना."

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

"सुलतानला."

अन्सेल्मो हसला. हसताना त्याला दुखत होतं, तरी हसला. "विसरला असेल तो," म्हणाला.

डेल्फोरने तळवा आणखी दाबला. "झोपू नकोस. बोल. मळा का विकलास, ते सांग."

"तू विचारलं नाहीस कधी."

"आता विचारतोय."

"बाबांच्या औषधांसाठी. त्यांनीच सांगितलं होतं, थोरल्याला कळू देऊ नकोस, तो स्वतःचा मळा विकेल. पोरगी आहे त्याच्या पदरात."

 डेल्फोरने वाकून आपलं कपाळ भावाच्या कपाळावरच्या व्रणाला टेकवलं आणि तसाच राहिला. मग म्हणाला, "लग्नात कुठे बसणार? उजवीकडे की डावीकडे?"

"उजवीकडे. तुझा तो हात डावा आहे. ग्लास सांडशील माझ्यावर."

"बरं. उजवीकडे बस."

"आणि खांब तिथेच रोव. मी उगाच उपटला."

पुढे नोएमी गाडी हाकत होती. मागची काच फुटलेली, त्यातून तिला बोलणं ऐकू येत होतं. नंतर ती कुणाला तरी सांगत होती ते मी ऐकलंय. म्हणाली, बाबा आणि काका बोलतायत हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी गाडी जराशी हळू केली. खड्डे लागू नयेत म्हणून. मला वाटलं, आता सगळं बरं होणार.

नदीवरच्या पुलापर्यंत अन्सेल्मोची उत्तरं येत होती. पुलाच्या पुढे डेल्फोर एकटाच बोलत होता. दवाखान्याच्या दारात माणसं स्ट्रेचर घेऊन आली तेव्हाही तो बोलतच होता, मटण कुणाकडून आणायचं ते विचारत होता. बगल सैल झाली होती. मी घरंगळून गाडीच्या कोपऱ्यात गेले.

आता मी डेल्फोरच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळ असते. उरलेल्यांतली एकटी भरलेली. नोएमीने लग्न केलं, कचेरीत जाऊन, काळे कपडे घालून, मांडव नाही, जेवण नाही. एल्व्हियोने अंगणातली तार काढून टाकली. डेल्फोर रोज संध्याकाळी येतो, मला उचलून उजेडात धरतो, तळाशी बसलेला गाळ बघतो आणि परत ठेवतो. कुणी मला हात लावला तर अंगावर जातो. परवा नोएमीसमोर एल्व्हियोने नुसतं विचारलं, "बाबा, ही उघडायची का?" तर त्याने त्याच्या दिशेने खुर्ची फेकली. खुर्ची भिंतीला लागली, मी टेबलावर हलले, आणि तिघांचेही चेहरे पांढरे झाले.

मला कळतं त्याचं. दोघांची साखर एकत्र आहे ती आता फक्त माझ्या पोटात. पण बाबा रे, मी समाधी नाही, बीअरची बाटली आहे. बीअर ठेवून ठेवून देव होत नाही, नासते. आणि मी जाड असले तरी लोखंडाची नाही. एक दिवस उन्हात फुटेन, आणि तेव्हा तुझं तोंड माझ्या जवळ असेल. नोएमीला आता दिवस गेलेत. घरात अजून एक जखम आणू नकोस.

उघड मला. आधी दोन दिवस विहिरीच्या गारव्यात सोड. मग ओला टॉवेल गुंडाळ, बूच एकदम काढू नकोस, जरासं उचल आणि वायूला जाऊ दे, घाई करू नकोस. अर्धी फेसात जाईल. जाऊ दे. उरलेली पोरीला दे, जावयाला दे, तू घे. रड, शिव्या घाल, काय करायचं ते कर. मग मला सोड्याने स्वच्छ धू आणि पुन्हा भर, बाळाच्या बारशाला. आणि भरताना साखर कुणी घातली ते घरात एकमेकांना विचारा. समोर उभं राहून, तोंड उघडून विचारा. एवढंच मागते.